पैसे भरलेत म्हणून: चिपळूणच्या एका कुटुंबाचे मॉरिशसमधले सहा दिवस

मे 2024 मध्ये आजोबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. हॉल घेऊन, चारशे पानं वाढून अमृतमहोत्सव करायचा नाही, सगळ्यांनी मिळून समुद्राकाठी सहा दिवस एकत्र राहायचं, असं मुलाने आणि मुलीने परस्पर ठरवलं. आजोबांच्या कानावर गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "समुद्र बघायला परदेशात कशाला? गुहागर सव्वा तासावर आहे."

मी पुण्यात कुटुंबांच्या सहली आखून देते. या कुटुंबाची परवानगी घेऊन, नावं न देता हे प्रकरण लिहिते आहे. 'ऑल-इन्क्लुझिव्ह, म्हणजे दिवसभराचं खाणंपिणं आधीच धरलेली योजना, घ्यावी का?' हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. त्याचं उत्तर मी बरीच वर्षं चुकीच्या टोकाकडून देत होते, हे या सहलीने मला दाखवलं.

माणसं नऊ. चिपळूणचे आजी-आजोबा. आजोबा निवृत्त शिक्षक, मधुमेहाच्या गोळ्या चालू. आजी सत्तरीच्या, पूर्ण शाकाहारी, संकष्टी कधी न मोडलेल्या, गुडघे दुखरे. मुलगा-सून पुण्याचे, त्यांची तेरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. लेक-जावई ठाण्याचे, त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा. आजी सोडून सगळे मासे आवडीने खाणारे. दारूच्या नावाने जावयांची एखादी बिअर, तीही सासऱ्यांच्या नजरेआड.

मुलांना मालदीव हवं होतं. मी नको म्हटलं. तिथे विमानतळावरून पुढे स्पीडबोट किंवा सीप्लेन, म्हणजे आजींच्या गुडघ्यांची परीक्षा. मे महिन्यात नैऋत्य मोसमी पाऊस तिथे सुरू होतो. शिवाय एका छोट्या बेटावर एकच रिसॉर्ट असेल, तर आजोबांसारखा माणूस तिसऱ्या दिवशी कंटाळतो. मॉरिशसला भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, मुंबईहून थेट विमान आहे, घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे. आणि कुंपणाबाहेर एक अख्खा देश आहे.

किनारा मात्र विचार करून निवडला. मॉरिशस दक्षिण गोलार्धात आहे, त्यामुळे आपल्या मे अखेरीला तिथे थंडीची चाहूल लागते. थंडी म्हणजे दुपारी टी-शर्ट आणि रात्री पातळ स्वेटर. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे याच सुमाराला जोर धरतात आणि पूर्व किनाऱ्याला थेट लागतात. तिथली वाळू फोटोत फार सुंदर दिसते, पण पोरं पाण्यातून कुडकुडत बाहेर येतात. म्हणून पश्चिम किनारा घेतला, फ्लिक आँ फ्लाकच्या बाजूचा. मध्ये डोंगर आहेत, वारा अडतो आणि सूर्यास्त समोर मिळतो.

आता जेवणाच्या योजनेचा मुद्दा. आपल्याकडे हॉटेलवाले सीपी, एमएपी, एपी म्हणतात: फक्त नाश्ता, नाश्ता आणि एक जेवण, तिन्ही वेळचं जेवण. मॉरिशसमध्ये यांतल्या मधल्याला हाफ बोर्ड म्हणतात, आणि त्या सगळ्यांच्या वर ऑल-इन्क्लुझिव्ह. त्यात तिन्ही जेवणं, दुपारचं खाणं, दिवसभराची पेयं, स्थानिक ब्रँडची दारू, कयाक, पॅडल बोट, स्नॉर्कलिंग हे सगळं येतं. इंजिनावर चालणारे खेळ, स्कूबा आणि आयात केलेली महागडी दारू यांचे पैसे वेगळे. मनगटावर एक पट्टा बांधतात. तो असेपर्यंत कुणी काही विचारत नाही.

त्या रिसॉर्टमध्ये हाफ बोर्ड आणि ऑल-इन्क्लुझिव्ह यांच्यातला फरक मोठ्या माणसामागे रात्रीला 4,800 रुपये होता, लहान मुलामागे 2,400. बारा पूर्ण झालेल्यांना मोठं धरतात, म्हणून नातही मोठ्यांत गेली. सात मोठे, दोन लहान, सहा रात्री: 2,30,400 रुपये जास्तीचे. मी मुलाला स्पष्ट सांगितलं की तुमच्यासारख्या घराला हे परवडत नाही. या योजनेच्या किमतीत दारूचा वाटा मोठा असतो. जो पीत नाही तो शेजारच्या टेबलाचे पैसे भरतो.

त्यावर त्याने मला महाबळेश्वरची गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी सगळे तिथे गेले होते. दर जेवणाला आजोबा मेनूकार्ड उघडायचे, उजवीकडचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचायचे आणि म्हणायचे, "मला भूक नाहीये फारशी. तुमच्यातलंच थोडं घेईन." चार दिवस त्यांनी स्वतःसाठी एकदाही काही मागवलं नाही. परतीच्या वाटेवर वाईला थांबल्यावर मात्र दोन वडापाव खाल्ले. "मला तो उजवा रकाना नको आहे," मुलगा म्हणाला. "त्याचे किती पडतात ते सांगा."

मी आकडा सांगितला. त्याने होकार दिला.

पैसे भरताना आणखी एक गाठ होती. सगळा खर्च मी करणार, असा आजोबांचा हट्ट. विमान, रिसॉर्ट, गाड्या मिळून पॅकेज 10,40,000 रुपयांचं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे परदेशी सहलीच्या पॅकेजवर एका माणसाच्या एका आर्थिक वर्षातल्या पहिल्या 7 लाखांवर 5 टक्के आणि त्यापुढच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे सहल विकणाऱ्याने आगाऊ गोळा करायचा आयकर, घेतला जायचा. एकट्या आजोबांच्या पॅनवर तो 35,000 अधिक 68,000, म्हणजे 1,03,000 झाला असता. हा कर बुडत नाही, विवरणपत्र भरलं की हिशोबात धरला जातो. पण पेन्शनवर जगणाऱ्या माणसाचे लाखभर रुपये वर्षभर अडकून पडतात. आम्ही दोन बिलं केली. निम्मे आजोबांच्या पॅनवर, निम्मे मुलाच्या. टीसीएस 52,000 वर आला, त्यातले आजोबांचे 26,000.

पहिले तीन दिवस

23 मेला दुपारी सगळे पोचले, पट्टे बांधून झाले. संध्याकाळी आजोबांनी शहाळं मागितलं. कुणाला न विचारता, किती रुपयांचं ते न बघता. ते अर्धं पिऊन झाल्यावर मुलाने मला फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं, लिहायची गरजही नव्हती.

आजींचं मात्र त्या रात्री बिनसलं. बुफेवर शाकाहारी पदार्थ दहा-बारा तरी होते, पाट्याही होत्या. पण त्यांनी पाहिलं की एक पाहुणा माशांच्या थाळीतला चिमटा घेऊन शेजारच्या भाजीत घालतोय. त्यानंतर एकही घास घशाखाली उतरेना. पाव, दही, पपई खाऊन त्या उठल्या. मी शाकाहारी जेवणाची नोंद आधीच केली होती, तरी चिमट्याचा विचार केला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी रिसॉर्टशी बोलून आजींचं ताट रोज आतूनच वाढून आणायची सोय झाली. तिथल्या नूडल्समध्ये बरेचदा ऑयस्टर सॉस असतो, सूपला कोंबडीचं पाणी असतं, हे पाटीवर लिहिलेलं नसतं. विचारावं लागतं.

आजोबांच्या बाबतीत दीड तासाचा फरक आम्ही फार हलक्यात घेतला होता. चिपळूणला ते साडेसातला जेवतात. तिथल्या घड्याळात तेव्हा सहा वाजलेले असतात, आणि रात्रीचं जेवण सुरू होतं साडेसातला, म्हणजे शरीराच्या हिशोबाने नऊला. मधुमेही माणसाने गोळी कधी घ्यायची आणि दुपारनंतर पोटात काय असायचं? सूनबाईंनी डॉक्टरांना फोन केला. गोळी जेवणालाच धरून ठेवा आणि साडेपाच-सहाला व्यवस्थित काहीतरी खाऊ द्या, असं त्यांनी सांगितलं. पोहण्याच्या तळ्याकाठच्या काउंटरवर दुपारी चार ते सहा या वेळात सँडविच, फळं, उकडलेला मका असे. हाफ बोर्डमध्ये हे खाणं नसतं. माझ्या हिशोबाच्या कागदावर या रकान्याला जागाच नव्हती. पहाटेचं मी सुचवलं होतं तेवढं बरं झालं: आजोबा नेहमीप्रमाणे पाचला उठले की तिथे साडेतीन वाजलेले असणार. म्हणून सोबत चहापत्ती, दुधाची पावडर आणि मारी बिस्किटांचे पुडे दिले होते. खोलीत किटली होतीच. फक्त तिथले सॉकेट तीन चपट्या पिनांचे असतात, त्याचा अॅडाप्टर न्यावा लागतो.

धाकट्याचा प्रश्नच नव्हता. मुलांच्या क्लबात सगळे फ्रेंच आणि क्रिओल बोलणारे. दुसऱ्या दिवशी हा घरी, म्हणजे खोलीवर, आला आणि आजीच्या गळ्यात पडून म्हणाला, "मो कोंताँ त्वा." मला तू आवडतेस. आजी दिवसभर ते घोकत होत्या.

पण याच तीन दिवसांत दुसरीही एक गोष्ट घडत होती. मी आखलेल्या कार्यक्रमात 25 तारखेला पोर्ट लुई होतं. तो दिवस त्यांनी रद्द केला. कारण विचारलं तर लेक म्हणाली, "अहो, बाहेर गेलो तर दुपारचं जेवण फुकट जाणार ना. पैसे भरलेत." जावई सकाळी अकराला बिअर घेऊन बसले, घरी ते कधीच बसत नाहीत. तेही याच कारणाने. नऊ वर्षांचा नातू दिवसाला पाच-सहा आइस्क्रीम खात होता आणि त्याला कुणी अडवत नव्हतं. ज्या पट्ट्याने आजोबांना मोकळं केलं, त्यानेच बाकीच्यांना बांधून टाकलं. हे मी आधीही पाहिलं आहे. भरलेले पैसे वसूल करायला माणसं स्वतःची सुट्टी खर्च करतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण तिथवर जायला अनेकांनी कित्येक वर्षं साठवलेलं असतं.

संकष्टी

26 मे, रविवार. आजींनी दिनदर्शिकेचं मे महिन्याचं पान फाडून पर्समधून आणलं होतं. चंद्रोदय दहाच्या सुमाराचा. मुलाने दीड तास वजा करून सांगितलं, साडेआठ. आजींना ते पटेना. "चंद्र काय मुंबईचं घड्याळ बघून उगवतो का? जिथे आहोत तिथला बघायचा."

त्यांचं बरोबर होतं. वैशाखी पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र आकाशात बराच दक्षिणेकडे असतो. त्यामुळे आपल्याकडे तो उशिरा उगवतो आणि दक्षिण गोलार्धात लवकर. तिथला चंद्रोदय आठच्या सुमारास होता. सूनबाईंनी फोनवर शोधून खात्री केली.

उपवासाला काय खायचं हा दुसरा प्रश्न. सून स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन हिंदी-इंग्रजीत समजावत होती, तेवढ्यात आतून एक मध्यमवयीन आचारी आले आणि म्हणाले, "कारेम?" मॉरिशसमध्ये हिंदू घरांत उपवासाला हाच शब्द वापरतात, फ्रेंचमधून आलेला. सूनबाईंना शब्द माहीत नव्हता, पण अर्थ कळला. पुढचं सगळं सोपं झालं. त्यांनी उकडलेला मॅनिऑक आणला, वर ओलं खोबरं, मिरची, मीठ. मॅनिऑक म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच. आजी वर्षानुवर्षं साबुदाणा खात आल्या, त्याचा कंद मात्र पहिल्यांदा हातात घेतला.

आचाऱ्यांचं घराणं मराठी. पणजोबांच्या आधीची पिढी रत्नागिरीकडून आली असं घरात सांगतात, गावाचं नाव हरवलं. मराठी त्यांना तुटक कळते. पण घरी गणपती बसतो, त्या देशात गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, आणि गणपतीत अजून झाकरी म्हणतात. आजोबा ताडकन उठून उभे राहिले. "जाखडी!" चिपळूण-गुहागरच्या वाड्यावाड्यांतून गणपतीत गोल धरून नाचतात ती. आजोबांनी तरुणपणी तिच्यात मृदंग वाजवला होता. त्यांनी तळ्याकाठच्या प्लास्टिकच्या टेबलावर दोन्ही हातांनी ठेका धरला. आचारी ऐकत उभे राहिले आणि थोड्या वेळाने त्यांचा उजवा पाय आपोआप चालू लागला.

रात्री आठनंतर सगळे बागेत उभे होते. पूर्वेला डोंगर असल्यामुळे चंद्र दिसायला आणखी थोडा वेळ गेला. दिसला तेव्हा नातीने सांगितलं की त्यावरचा ससा भलत्याच बाजूला कललेला आहे. तसाच दिसतो तो तिथून. आजींनी ओंजळीतून अर्घ्य सोडलं. नैवेद्याला आचाऱ्यांनी एक वाटी पाठवली होती: ओला नारळ आणि तिथली गडद उसाची साखर एकत्र परतलेली. मोदकाचं सारण, फक्त पारी नव्हती.

घाट

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा आपणहून म्हणाले, आज बाहेर जाऊ. जेवण गेलं तर गेलं.

पोर्ट लुईच्या बंदराजवळ आप्रवासी घाट आहे. गुलामगिरी बंद करताना ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांसाठी करारावर मजूर आणायला सुरुवात केली. 1834 पासून 1920 पर्यंत जवळपास 5 लाख माणसं भारतातून या बंदरात उतरली. बरीचशी कलकत्त्याहून, काही मद्रासहून आणि काही मुंबईहून. मुंबईहून निघालेल्यांत रत्नागिरीचे लोक होते. 2006 पासून ही जागा जागतिक वारसा यादीत आहे. बघायला तसं फार नाही: दगडी भिंती, काही खोल्यांचे पाये आणि 16 पायऱ्या. बोटीतून उतरलेली माणसं या पायऱ्या चढून वर येत.

आजींना गुडघ्यांमुळे जपून चालावं लागत होतं. आजोबा पायऱ्यांपाशी बराच वेळ थांबले. लेकीने विचारलं, काय बघताय? ते म्हणाले, "त्यांना कुणी सांगितलं असेल का, किती दिवसांचा प्रवास आहे ते?" मग सगळे बाजारात गेले आणि उभ्याने धोल पुरी खाल्ली. पिवळ्या डाळीचं पुरण भरलेली मऊ पोळी, गोड नसलेली, आत वालासारख्या मोठ्या दाण्यांची रस्साभाजी आणि तिखट चटणी. दोन-दोन पोळ्यांची जोडी विकतात. आजींनी दोन जोड्या खाल्ल्या. बुफेवर चार दिवसांत त्यांनी एवढं मनापासून काही खाल्लं नव्हतं. 28 तारखेला गंगा तलाव आणि शामारेलची रंगीत माती झाली, तेव्हा जेवण फुकट गेल्याचा विषय कुणी काढला नाही.

हिशोब

तेरा वर्षांच्या नातीने पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली होती. कुणी काय खाल्लं-प्यायलं, आणि पट्टा नसता तर मेनूकार्डाप्रमाणे त्याचे किती झाले असते. तिला मी असं काही सांगितलं नव्हतं, ती आजोबांवर गेली आहे. वहीवरून आम्ही पुण्यात बसून बेरीज केली. रिसॉर्टवर झालेली चार दुपारची जेवणं 73,600 रुपयांची. पेयं, आइस्क्रीम, दुपारचं खाणं मिळून 58,000. एकूण 1,31,600, आणि भरले होते 2,30,400. म्हणजे 98,800 रुपये जास्त गेले. माझा आधीचा सल्ला आकड्यांत बरोबर ठरला.

तरी तोच सल्ला मी त्यांना पुन्हा देणार नाही. आजोबांनी सहा दिवसांत आठ शहाळी, रोज फळांचा रस आणि एकदा, आजींच्या आग्रहावरून, केळ्याचं फ्लाम्बे, म्हणजे वर दारू ओतून पेटवलेली केळी, मागवलं. संध्याकाळचं खाणं वेळेवर मिळालं म्हणून साखर आटोक्यात राहिली. मुलगा म्हणतो ते 98,800 त्या रकान्याचे आहेत, आणि त्याला ते जड वाटत नाहीत. दुसऱ्या एखाद्या घरात उजवा रकाना वाचणारं कुणीच नसेल, तर हे पैसे नुसतेच गेले असते. म्हणून आता मी आधी विचारते की तुमच्याकडे मेनूकार्ड आल्यावर कोण गप्प होतं. बाहेरचे दोन दिवस मी आता पॅकेजमध्येच घालते, गाडीचे पैसे आधी भरून घेते, आणि त्या दोन दुपारी तुमचं रिसॉर्टचं जेवण बुडणार आहे हे पहिल्या भेटीत सांगते. एकदा ते सोडून दिलं की माणसं मोकळेपणाने बाहेर पडतात.

एक चूक मात्र सर्वस्वी माझी. 29 मेला खोल्या बारा वाजता सोडायच्या होत्या आणि विमान रात्रीचं होतं. आजी-आजोबांना आडवं होता यावं म्हणून एक खोली संध्याकाळपर्यंत ठेवली होती. पण खोली वाढवली तरी जेवणाची योजना वाढत नाही, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे भरून ती वाढवूनही घेतली नव्हती. बाराला स्वागतकक्षात कात्रीने नऊ पट्टे कापले. अडीच वाजता आजींना चहा हवासा वाटला. वेटरने अदबीने मेनूकार्ड आणून दिलं. आजोबांनी ते उघडलं, उजवा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला, मिटून ठेवलं आणि म्हणाले, "राहू दे. विमानात मिळेल."

नात उठून गेली. धोल पुरीच्या दिवशी बाबांनी तिला दिलेल्या मॉरिशस रुपयांतले काही उरले होते. दोन कप घेऊन आली, एक आजीपुढे ठेवला, एक आजोबांपुढे. कितीला पडला, ते विचारत राहिले. तिने काही केल्या सांगितलं नाही. वहीतली शेवटची ओळ मी पाहिली आहे. तिथे फक्त "चहा, दोन" लिहिलंय, पुढचा रकाना कोरा आहे.